वडी कपात की पातेल्यात?

ताई,
आम्ही चौघं कोल्हापुरात फूड टेक्नॉलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. आमची कल्पना अशी: चहासाठी गुळाची छोटी वडी, एका कपाला एक. गिऱ्हाईक म्हणजे चहाच्या टपऱ्या. आमच्यातल्या एकाच्या काकांचं गुऱ्हाळ आहे, गूळ तिथून घ्यायचा. कॉलेजच्या बिझनेस प्लॅन स्पर्धेत आम्ही अंतिम फेरीत गेलो. परीक्षकांनी विचारलं, बाजारपेठ केवढी? आम्ही सांगितलं, देशात रोज कोट्यवधी कप चहा होतो, त्याचा एक टक्का जरी धरला तरी... एवढ्यावरच ते हसले. पहिलं बक्षीस एका ॲपला गेलं. आता बाहेरच्या मोठ्या स्पर्धेला नाव दिलंय, बक्षीस लाखभर रुपयांचं, फायनल फेब्रुवारीत आहे. सर म्हणतात, आकडा हजारो कोटींत दाखवा आणि कुठेतरी एआय घाला. अर्जात पूर्ण कृती मागितलीय, कल्पना चोरीला जाईल अशी भीती वाटते. गुऱ्हाळवाला मित्र अर्धा हिस्सा मागतोय. कंपनी आधीच रजिस्टर केली तर गुण वाढतात, असं कोणीतरी सांगितलं. आणि बाबा म्हणतात, स्पर्धेच्या नादात डिग्री जाईल. काय करू? (आमच्या वडीने दूध फाटत नाही.)
— चौघांतली एक, कोल्हापूर

प्रिय चौघांतली एक,

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आमच्या नाक्यावरच्या टपरीवर जाऊन उभी राहिले. चहा घेतला आणि अर्धा तास नुसतं बघत बसले. टपरीवाले काका एकदाही कपात साखर घालत नाहीत. मोठं पातेलं चढवतात, पाणी, आलं, चहा पावडर, मग डब्यातून साखर, सगळं अंदाजाने. वीस-बावीस कपांचा चहा एका वेळी उकळतो आणि गाळून थर्मासमध्ये जातो. ‘कमी साखर’ म्हणणाऱ्यालाही तोच चहा मिळतो, फार तर वरून थोडं दूध.

म्हणजे तुमची एका कपाची वडी त्या काकांच्या कामाची नाही. त्यांना लागेल ती पातेल्याची वडी, दोनशे ग्रॅमची, कागद सोडला की सरळ आत पडेल अशी. कपाची वडी लागते ती घरी एकट्यासाठी चहा करणाऱ्याला, ऑफिसच्या पँट्रीत, लॉजच्या खोलीत किटलीशेजारी. ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. त्यांचे भाव वेगळे, पाकिटं वेगळी, माल पोचवायची रीतही वेगळी. तुमच्या प्लॅनमध्ये गिऱ्हाईक टपरीचं आणि माल पँट्रीचा झालाय. परीक्षक हसले ते बरोबर केलं नाही, समोर विद्यार्थी असताना हसू नये. पण त्यांना जे खटकलं ते बहुधा हेच असावं. तुमच्या आकड्यात एकही टपरी दिसत नव्हती.

मी बारा वर्षं अशा स्पर्धांत परीक्षक म्हणून बसते. ‘एक टक्का जरी धरला तरी’ हे वाक्य दर स्पर्धेत येतं आणि दर वेळी मुलांचे गुण तिथेच जातात. एक टक्का कोणी धरून देत नाही. पहिली टपरी, मग दुसरी, असं करतच तो मिळवावा लागतो. म्हणून आकडा खालून वर चढव. वही घे, माझ्याबरोबर हिशेब कर. आकडे मी समजा म्हणून घेते, तू खरे घाल.

समजा एका टपरीवर दिवसाला २५० कप जातात. साखर कपाला ८ ग्रॅम लागते. गूळ साखरेइतका गोड नसतो, तो १० ग्रॅम धर. म्हणजे दिवसाला अडीच किलो, महिन्याचे २६ दिवस धरले तर ६५ किलो. साखर ४५ रुपये किलो असेल तर कपाला ३६ पैसे. तुमची वडी कागदासकट ७० रुपये किलोने दिली तर कपाला ७० पैसे. फरक ३४ पैशांचा. ऐकायला काहीच नाही. पण २५० कपांना तो रोज ८५ रुपये होतो आणि महिन्याला २२१०. टपरीवाल्याच्या दृष्टीने हा मोठा आकडा आहे. मग ‘गुळाचा चहा’ अशी पाटी लावून तो कपामागे दोन रुपये जास्त घेऊ शकेल का? घेतले तर त्याचं गिऱ्हाईक टिकेल का? तुमच्या सगळ्या धंद्याचं उत्तर या एका प्रश्नात आहे, आणि ते इंटरनेटवर कुठेही मिळणार नाही.

आता पुढचं, जे मला तुमच्या प्लॅनमध्ये कुठेच दिसलं नाही. समजा ४० टपऱ्या मिळाल्या. महिन्याला २६०० किलो गूळ लागेल. चहा बारा महिने विकला जातो, पण गुऱ्हाळं बारा महिने चालतात का? काही चालतात, मुख्य हंगाम मात्र दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. उरलेल्या सात महिन्यांचा माल, म्हणजे १८ टनांहून जास्त गूळ, तुम्हाला हंगामातच घेऊन ठेवावा लागेल. किलोला ५० रुपये धरले तरी ९ लाख १० हजार रुपये गुळात अडकले. ते कोणाचे? आणि ठेवणार कुठे? कोल्हापुरात राहतेस, आषाढातला गूळ कसा पाघळतो हे तुला मी सांगायला नको. ढेपेला पाणी सुटतं तिथे कागदातल्या दहा ग्रॅमच्या वडीचं काय होईल? जुलैत वडी कोरडी राहते का, हे तुम्ही तपासलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.

लाखभर रुपयांच्या बक्षिसाकडे बघून तुम्ही धावताय, तर हे नऊ लाख त्याच्या शेजारी लिहून ठेव. बक्षीस म्हणजे तुमचं भांडवल नाही. त्यातून पाच-सात टपऱ्यांवर दोन महिने नीट प्रयोग होतील, एवढंच. पण ज्या मुलांनी आपल्या गोदामाचा प्रश्न स्वतःहून समोर मांडला, ‘हे नऊ लाख आमच्याकडे नाहीत, म्हणून पहिल्या वर्षी आम्ही फक्त हंगामात विकू आणि दहाच टपऱ्या घेऊ’ असं सांगितलं, त्यांच्याकडे परीक्षक मान वर करून बघतो. मी तरी बघते.

हे मला कुठून कळलं तेही सांगते. २००३ साली मी स्वतः अशा स्पर्धेत उतरले होते, सांगलीच्या बेदाण्याचा प्लॅन घेऊन. दुसरं बक्षीस आलं. फाइल सुंदर बांधली होती, त्यात पाच वर्षांचा ताळेबंद होता. पण शेडवर द्राक्षं वाळायला किती दिवस लागतात आणि मधेच पाऊस आला तर काय, हे मी एकाही बागायतदाराला विचारलं नव्हतं. बक्षीस मिळालं म्हणून मी तो प्लॅन खरा मानला आणि दीड वर्ष त्याच्यामागे घालवलं. पहिल्याच अवकाळी पावसात तो संपला. जाहीर झालेल्या रकमेतली निम्मी तर हातात आलीच नाही. ‘मार्गदर्शन सत्रं’ म्हणून वळती केली होती, आणि तसं नियमांत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. म्हणून आजच तुमच्या स्पर्धेचे नियम काढून वाच. बक्षीस रोख किती, सेवांच्या रूपात किती, रक्कम कोणाच्या खात्यात येते, त्यासाठी कंपनी लागते का, आणि बक्षिसाच्या बदल्यात आयोजक तुमच्या धंद्यात हिस्सा मागतात का. सगळीकडे मागत नाहीत, पण मागितला तर तो किती हे आधी कळायला हवं.

कंपनीची घाई अजिबात करू नका. प्रायव्हेट लिमिटेड काढली की लेखापरीक्षक नेमणं, दरवर्षीचं विवरण भरणं हे सगळं मागे लागतं, विक्री एक रुपयाची नसली तरी. शिवाय नोंदणीच्या तारखेपासून कंपनीचं वय मोजायला सुरुवात होते. २०२१ साली केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना आली. प्रयोगाच्या टप्प्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान होतं, पण अट अशी की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको. शिकत असताना हौसेने कंपनी काढली आणि पदवीनंतर खरं काम सुरू केलं, तर त्या अटीतली दोन वर्षं परीक्षा देण्यातच संपतात. तुमच्या स्पर्धेच्या नियमात नोंदणीची अट नसेल, तर चौघांच्या नावाने साधा संघ म्हणून उतरा.

आता चोरीची भीती. ‘चहासाठी गुळाची वडी’ ही कल्पना कोणी चोरायची गरज नाही, ती आधीच बाजारात आहे. दुकानात गुळाचे क्यूब मिळतात, गुळाच्या चहाच्या टपऱ्या गावोगावी आहेत. पण तुझ्या पत्रात एक ओळ अगदी शेवटी, कंसात होती, ‘आमच्या वडीने दूध फाटत नाही’. अगं, हीच तर तुमची खरी गोष्ट! गुळाच्या चहात दूध नासतं म्हणूनच टपरीवाला गुळाला हात लावत नाही, किंवा चहा खाली उतरवल्यावर घालतो. त्यावर तुम्ही खरंच काही नवं शोधलं असेल, तर ते अर्जात लिहायच्या आधी कॉलेजच्या पेटंट पाहणाऱ्या प्राध्यापकांकडे जा. आपल्या पेटंट कायद्यात एखादी गोष्ट आधी जाहीर झाली की तिचं नवेपण गेलं असं धरतात. त्याला अपवाद आहेत, पण तुमच्या मंचावरचं सादरीकरण त्यात बसेल या भरवशावर राहू नका. पेटंटचा तात्पुरता अर्ज ऑनलाइन भरायला व्यक्तीला १६०० रुपये शुल्क आहे, आणि तिथून पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. आणि त्यात नवं काही नसेल, नुसता चिमूटभर खाण्याचा सोडा असेल, तर पेटंट विसरा. फक्त तो सोडा पाकिटावर घटक म्हणून छापावा लागेल, हे लक्षात ठेवा.

स्पर्धेच्या अर्जात कृती मागितली, तरी घटकांचं नेमकं प्रमाण द्यायची गरज नसते. ‘म्हशीच्या आणि गायीच्या दुधावर इतक्या वेळा तपासलं, इतक्या वेळा फाटलं नाही’ एवढं लिहिलं तरी परीक्षकाला पुरतं. गोपनीयतेच्या करारावर सही करा असं परीक्षकांना सांगू नका, कोणी करत नाही आणि विचारणाऱ्याबद्दल उगाच मत बिघडतं.

पाकिटावर ‘कोल्हापुरी गूळ’ लिहायचा विचार असेलच. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ते नाव मानांकनासह छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. काकांची आहे का, विचारा. असेल तर प्लॅनमध्ये ती एक ओळ फार वजनाची ठरेल. आणि तुमच्या गावातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. गुळातला ओलावा, साठवण, सगळ्यावर तिथे काम झालंय. फूड टेक्नॉलॉजीची मुलं तिथे गेल्याशिवाय गुळाचा प्लॅन लिहितात याचं मला वाईट वाटतं. या आठवड्यात जा.

अर्ध्या हिश्श्याचं जरा नाजूक आहे, कारण पैशाच्या आधी मैत्री आहे. त्या मुलाला शांतपणे सांग, काकांचं गुऱ्हाळ म्हणजे माल देणारं घर. मालाचे पैसे मार्केट यार्डच्या भावाने, वेळेवर, चोख द्यायचे. हवं तर क्विंटलमागे चार पैसे जास्त द्या, कारण गुळव्याला तुमच्यासाठी वेगळा पाक उतरवावा लागेल आणि साच्यांची कटकट होईल. पण माल देणं वेगळं आणि भागीदारी वेगळी. भागीदारीचा हिस्सा कामाला असतो, आणि तोही एकदम हातात द्यायचा नसतो. पहिलं वर्ष टिकला तर एवढा, पुढे दर वर्षी एवढा, असा ठरवायचा. तुमच्यातल्या कोणाला कॅम्पसमधून नोकरी लागेल, कोणी एमटेकला जाईल, कोणाचं लग्न ठरेल. तेव्हा भांडण नको म्हणून आत्ताच एका पानावर चार गोष्टी लिहा, की बक्षिसाचे पैसे कशावर खर्च होणार, कोण मधेच गेलं तर काय, नाव कोणाचं, कृती कोणाची. चौघांच्या सह्या करा. हे बक्षिसाच्या आधी करा. चेक हातात आल्यावर हेच बोलणं दहापट अवघड होतं, मी मुलं एकमेकांशी बोलेनाशी झालेली पाहिली आहेत.

सरांशी वाद घालू नकोस. त्यांनी पूर्वी ज्या स्पर्धा पाहिल्या तिथे मोठे आकडे चालले असतील. त्यांना टपरीचा हिशेब नेऊन दाखव आणि म्हण, ‘सर, हा आधी बघता का?’ चांगला शिक्षक हिशेब बघून विरघळतो. एआयचं मात्र खरंच काही काम असेल तरच घाला. गुळात काय काम आहे, मला सुचत नाही. ॲपवाल्यांना बक्षीस मिळालं ते कदाचित त्यांचं काम चांगलं होतं म्हणूनही असेल. त्यांना भेट, दोनशे माणसांनी वापरलं असं ते सांगत असतील तर ती दोनशे कशी मिळवली ते विचार.

आणि हरण्याचं म्हणशील तर, या स्पर्धा सुरू झाल्या अमेरिकेत. १९८४ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या विद्यापीठात एमबीएच्या मुलांनी वकिलीच्या विद्यार्थ्यांच्या अभिरूप न्यायालयाच्या, म्हणजे सरावाच्या खोट्या खटल्यांच्या, धर्तीवर पहिली मोठी स्पर्धा काढली. १९९० मध्ये तिथल्याच एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात सुरू झाली. तिथे १९९८ साली टॉम लेटन हे प्राध्यापक आणि डॅनियल लेविन हा विद्यार्थी एक प्लॅन घेऊन उतरले, इंटरनेटवरची गर्दी कशी फोडायची याचा. अंतिम फेरीत पोचले, जिंकले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी अकामाई कंपनी काढली, आणि आज जगभरच्या वेबसाइटींचा मोठा भार तिच्या सर्व्हरांवरून जातो. त्यांच्याकडे गणित पक्कं होतं, निकाल काही लागो. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ई-सेलची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या उद्योजकता गटाची, ‘युरेका’ स्पर्धा आहे, ती वर्षानुवर्षं चालू आहे आणि देशभरची मुलं तिथे येतात. फेब्रुवारीत काहीही झालं तरी पुढच्या वर्षी तिथे अर्ज करा, तोवर तुमच्याकडे एका पावसाळ्याचा अनुभव असेल.

बाबांचं. त्यांची काळजी खोटी नाही. फेब्रुवारीत तुमच्या अंतर्गत परीक्षा असणार. त्यांना ‘काळजी करू नका’ असं सांगू नकोस, कॅलेंडर दाखव. आठवड्याचे इतके तास, घरून एक रुपया घेणार नाही, फायनलच्या दुसऱ्या दिवसापासून पुस्तक. आणि एकदा त्यांना तुमचा चहा पाज. तू ‘बाबा म्हणतात’ एवढंच लिहिलंस, त्यांनी वडी बघितलीय का ते लिहिलं नाहीस.

सादरीकरणाबद्दल फार सांगत नाही. पहिल्या पानावर टपरीवाल्याचं पातेलं दाखवा, देशाचा नकाशा नको. बोलायला दोघंच उभे राहा, चौघांनी चार वाक्यं वाटून घेतली की सूर तुटतो. परवानगी असेल तर थर्मास न्या. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर ‘हे आम्ही अजून मोजलं नाही, असं मोजू’ म्हणा आणि गप्प राहा.

त्याआधी मात्र हे करा. पाच टपऱ्या निवडा, एक स्टँडजवळची, एक कॉलेजसमोरची, एक मार्केट यार्डातली जिथे हमाल चहा पितात, बाकी दोन तुमच्या मनाने. पातेल्याची वडी बनवा. फुकट देऊ नका, पहिल्या दिवसापासून पैसे घ्या, कमी घ्या पण घ्या. फुकटचं सगळेच बरं म्हणतात. सात दिवस रोज सकाळी तिथे उभी राहा आणि वहीत लिही, किती पातेली झाली, कोणी परत साखरेवर गेला, का गेला, दूध किती वेळा फाटलं. आठव्या दिवशी माल नेऊ नका. कोणता टपरीवाला फोन करून विचारतो ते बघा.

ती वही मला पाठव, अक्षर कसंही असू दे. आणि उकळी फुटायच्या आधी वडी टाकली तर काय होतं आणि नंतर टाकली तर काय, हे वेगळं लिही. नाक्यावरच्या काकांनी मला तेच विचारलंय.

तुझी,
ताई